घड्याळ वाजल्याबिगर थेंब नाई

मूल

भामरागडहून मूलला, माझ्या गावी, परत आले आणि चार दिवस झाले, गुडघ्यांना तेल चोळत पडून आहे. येणारा-जाणारा विचारतो, संगम पाह्यला का बाई, जंगल कसं आहे, भीती नाई वाटली? मी म्हणते, पाह्यलं सगळं. खरं सांगायचं तर मी काही पाहायला गेलेच नव्हते. एक हातातलं घड्याळ पोचवायला गेले होते, आणि तेही माझ्याच चुकीपायी. ज्यांना तिकडे जायचा योग आला नाही त्यांच्यासाठी हे लिहून ठेवते. जे जाऊन आले त्यांना त्या रस्त्याबद्दल मी वेगळं काय सांगणार.

घड्याळ माझ्या धाकट्या भावानं मस्कतहून आणलेलं. तो तिथे वेल्डर होता, पहिल्या सुट्टीवर आला तेव्हा माझ्यासाठी हे घेऊन आला. काळं, चौकोनी, डिजिटल. मी तेव्हा नुकतीच भामरागड तालुक्यातल्या एका उपकेंद्रात नर्स म्हणून रुजू झाले होते. पडद्याच्या वरच्या भागात जगाचा एवढासा नकाशा. बाजूचं बटण दाबत गेलं की एकेका शहराची वेळ दिसायची. टोकियो, हाँगकाँग, बँकॉक, ढाका, आणि ढाक्यानंतर थेट कराची. मधला आपला एवढा मोठा देश गायब. आपली वेळ साडेपाच तासांची, आणि हे घड्याळ अर्धा तास मानतच नाही. भावानं तोडगा काढला, कराची धरायचं आणि वेळ अर्धा तास पुढे लावायची. त्यामुळे या घड्याळात साऱ्या जगाची वेळ अर्ध्या तासानं चुकलेली, फक्त भामरागडची बरोबर.

असं घड्याळ सांभाळणं म्हणजे तान्हं लेकरू सांभाळणं. रबराचा पट्टा आधी पांढरा पडतो, मग बिस्किटासारखा तुटतो. मी त्या जागी दप्तराचा जाड पट्टा शिवून घेतला होता. घामानं बटणं चिकटतात, तेव्हा कापसाला स्पिरिट लावून पुसायची. काच खरवडली की टूथपेस्ट चोळायची. पावसाळ्यात झाकण उघडायचं नाही, आत वाफ धरली तर आकडे पुसट होतात. या घड्याळावर मी बाळांच्या जन्मवेळा लिहिल्या, न्यूमोनियाच्या लेकरांचे श्वास मोजले. रिटायर होईपर्यंत ते माझ्या मनगटावरून उतरलं नाही.

उतरलं ते कन्नाभाऊसाठी. कन्नाभाऊ माझ्या उपकेंद्रातला शिपाई, माडिया, माझ्याहून पाचसहा वर्षांनी मोठा. कागदावर शिपाई, पण दुभाषा तोच, वाटाड्या तोच, बाळंतपणात मध्येच वीज गेली तर कंदील धरणाराही तोच. तो माझ्याआधी रिटायर झाला आणि गावी जाऊन राहिला. मग काचबिंदू निघाला. डावा डोळा गेला तो कळायच्या आतच गेला. उजवा उरला होता, त्यासाठी डॉक्टरांनी जन्मभराचे थेंब लिहून दिले, दिवसातून तीनदा, ठरल्या वेळी. गेलेली नजर येणार नाही, आहे तेवढी राहील. हे त्याला माडियात आणि मराठीत मिळून मीच समजावलं होतं.

आणि या बाबानं काय केलं? जास्त औषध, लवकर गुण. आठवण आली की थेंब. शिशी आठ दिवसांत संपली आणि हा चक्कर येऊन अंगणात पडला. त्या थेंबांनी नाडी मंदावते. मी गेले, रागावले, माझ्या हातचं घड्याळ काढून त्याच्या हाताला बांधलं आणि तीन गजर लावून दिले, सकाळी सहा, दुपारी दोन, रात्री दहा. म्हटलं, घड्याळ वाजल्याबिगर एक थेंब टाकायचा नाई, कितीही वाटलं तरी नाई. तो हो म्हणाला. तेव्हापासून सहा वर्षं त्याची नजर होती तिथे राहिली.

मोबाइलवर गजर लावता येतो, हे मला आजवर दहा जणांनी शिकवलं. ज्या गावात वीज चार दिवस येते आणि आठ दिवस जाते तिथे, जवळपास आंधळ्या माणसानं तो चार्ज कसा करायचा, हे मात्र कोणी शिकवलं नाही. घरातली माणसं दिवसभर जंगलात, त्यामुळे आठवण द्यायलाही कोणी नाही.

एप्रिलमध्ये घड्याळाचे आकडे फिके पडले, म्हणजे सेल संपत आला. कन्नाभाऊनं एसटीच्या ड्रायव्हरच्या हाती ते माझ्याकडे धाडलं. मी मूलच्या बाजारातल्या एका घड्याळवाल्याकडून सेल बदलून घेतला. या घड्याळाच्या आत, पाठीच्या झाकणाला टेकून, एक स्प्रिंग असते, जवसाच्या दाण्याएवढी. गजराचा आवाज निघतो तो तिच्यामुळे. झाकण बेसावधपणे उचललं की ती उडते. ती उडाली. त्यानं पाह्यलं नाही, की पाह्यलं आणि गप्प बसला, देव जाणे. मी वेळ लावली, गजर लावले आणि विचारलं, वाजते ना? त्यानं कानाशी धरल्यासारखं केलं.

“वाजून राह्यलं ना बाई,” तो म्हणाला. “तुमचेच कान गेले आता.”

आणि तेच तर खरं होतं. दोन वर्षं झाली, बारीक आवाज मला ऐकू येत नाहीत. डास कानाशी आला तरी कळत नाही, मोबाइल टुणटुणतो तर शेजारीण सांगते. म्हणून मी त्याच्यावर विश्वास ठेवला. रस्त्यावरच्या कोणालाही थांबवून ‘ऐकून सांग रे’ म्हणता आलं असतं. लाज वाटली, बाकी काही नाही.

घड्याळ आणि सोबत थेंबांची नवी शिशी भामरागडला गेली. मे संपता संपता तोच ड्रायव्हर ते परत घेऊन आला. म्हणाला, कन्नाभाऊ म्हणते, घड्याळ मुकं झालं, काय करायचं ते बाईले विचारा. मी कपाळाला हात लावला. पण मनाशी म्हटलं, अंदाजानं टाकत असेल थेंब, घाई काय आहे. ऊन रणरणत होतं, गुडघे दुखत होते, भाचीचं लग्न होतं. आठ दिवस असेच गेले. मग लोक बोलायला लागले की यंदा पाऊस लवकर आहे, नाले भरले की गाड्या आलापल्लीलाच थांबतील. तेव्हा उठले.

मूलच्या त्या घड्याळवाल्यानं टेबलावरचा कपडा झटकला, खाली वाकून शोधल्यासारखं केलं आणि नवीन घड्याळ घ्यायचा सल्ला दिला. मी त्याला जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. घरी येऊन पिशवी भरली. मला एटापल्लीच्या बाजारात घड्याळं दुरुस्त करणारा मल्लेशभाऊ आठवला होता.

एटापल्ली

मूलहून गडचिरोली, गडचिरोलीहून आलापल्ली, तिथून एटापल्ली. नकाशावर वीतभर, अंगावर पूर्ण दिवस. आमच्याकडे धानाच्या बांध्या तापून भेगाळल्या होत्या, कुठे कुठे शेणखताचे ढीग पडले होते. आष्टीची नदी ओलांडली की साग सुरू होतो आणि माणसं कमी होत जातात. आलापल्लीच्या पुढे खनिजाचे ट्रक. त्यांची लाल धूळ खिडकी बंद केली तरी आत येते. मी डब्यात भाकर आणि जवसाची चटणी नेली होती, डबा उघडेपर्यंत भाकरीवर धुळीचा थर बसला होता. फुंकर मारून खाल्ली. शेजारची बाई म्हणाली, खा ना बाई, लोहच आहे त्याच्यात. सगळ्या प्रवासात मी हसले असेन तर तेवढीच.

मुक्काम एका जुन्या मैत्रिणीकडे केला, तीही नर्सच होती. दारात जयभीम झाला, अंघोळीला पाणी मिळालं. लाल झालेलं पाणी न्हाणीतून वाहत गेलं तरी संपेना. ताटात गरम भात आणि लाखोरीची डाळ. आम्ही दोघींनी एकमेकींच्या गुडघ्यांची चौकशी केली आणि झोपलो.

दुसऱ्या दिवशी बाजार होता. मल्लेशभाऊ सिरोंच्याकडचा, घरी तेलुगू, बाजारात मराठी, भांडायला हिंदी. मोठ्या छत्रीखाली त्याचं टेबल, वर्षानुवर्षं त्याच जागी. आता तो टॉर्च आणि मोबाइलची कव्हरं विकतो, घड्याळं कोणी आणत नाही. माझं घड्याळ त्यानं हातात घेतलं, डोळ्याला भिंग लावलं आणि पहिलाच प्रश्न केला, हे उघडलं कोणी? चारही स्क्रूंची तोंडं घासली म्हणे गधड्यानं. मी म्हटलं, त्याला मी बोलून चुकले, तुम्ही स्प्रिंगचं बघा.

त्यानं टेबलाखालून दूध पावडरीचा एक जुना डबा काढला. त्यात मेलेली घड्याळं होती, पन्नास तरी असतील. पट्टे नाहीत, काचा फुटलेल्या. जमलं तर यांच्यातूनच, तो म्हणाला. एक उघडलं, स्प्रिंग गंजलेली. दुसऱ्याची चांगली निघाली. त्यानं दातकोरणी ओठांत ओली करून तिच्या टोकावर स्प्रिंग उचलली, आणि तेवढ्यात मागून ट्रक गेला, टेबल हललं, स्प्रिंग धुळीत. लाल धुळीत जवसाएवढी स्प्रिंग शोधायची कुठे. वाटलं, झालं, आता रिकाम्या हातानं जायचं.

त्यानं डबा पुन्हा उपडा केला. पाचव्या का सहाव्या घड्याळात तिसरी सापडली. या वेळी त्यानं टेबलावर ओला रुमाल अंथरला, मला श्वास रोखायला सांगितलं आणि स्प्रिंग तिच्या भोकात उभी केली. सेल बसवला, चिमट्याची दोन टोकं आत दोन ठिकाणी एकदम टेकवली. तसं केल्याशिवाय हे घड्याळ नीट शुद्धीवर येत नाही, हे मला नवीनच कळलं. मग झाकण. मग मी कराची शोधलं, अर्धा तास पुढे लावला, आणि मल्लेशभाऊनं गजर वाजवून पाह्यला. कव्हर घ्यायला आलेल्या माणसानं वळून पाह्यलं. मी नुसती उभी.

“नाई ऐकू येत?” मल्लेशभाऊनं विचारलं.

“नाई.”

“दाताले लावा.”

मी त्याच्याकडे पाहतच राहिले. तो गंमत करत नव्हता. घड्याळाची पाठ मी पुढच्या दातांवर टेकवली, भर बाजारात, साठीच्या बाईनं. त्यानं बटण दाबलं आणि माझ्या जबड्यातून एक बारीक झिणझिण थेट डोक्यात गेली. टी-टी, टी-टी, टी-टी. तोच आवाज, इतक्या वर्षांनी. बाळंतपणं, सलाइनी, पावसातल्या फेऱ्या, सगळं एकदम आठवलं आणि मी घड्याळ दातांवरून काढेना. मल्लेशभाऊनं मान फिरवून गिऱ्हाइकाकडे पाह्यलं.

त्यानं माझ्याकडून काही घेतलं नाही. चपलेतून पाय काढून अंगठा तेवढा दाखवला. शुगरची जखम, आठ दिवसांची, वर हळद चोपडलेली. मी तिथेच बसून ती धुतली, पट्टी केली आणि त्याला यथेच्छ झापलं. उद्या दवाखान्यात गेला नाहीत तर अंगठा जाईल, म्हटलं. हो बाई, हो बाई, करत राहिला. असं हो म्हणणारे जात नसतात, हे मला चांगलं ठाऊक आहे.

भामरागड

पुन्हा आलापल्ली, तिथून भामरागडची गाडी. या रस्त्यावर उतारूंना घाई नसते. गाडी कुठेही थांबते, कोणी पोतं चढवतं, कोणी कोंबडा. एका नाक्यावर पोलिसांनी सगळ्यांना उतरवून पिशव्या पाह्यल्या, पुन्हा बसवलं. मी घड्याळ हातालाच बांधलं होतं. दर खड्ड्याला वाटायचं, सुटली स्प्रिंग. मग तोंडावर पदर धरून, कोणाचं लक्ष नाही असं पाहून, बटण दाबून दाताला लावायची. समोरचा म्हातारा दोनदा पाहून तिसऱ्यांदा सरकून बसला.

संगम म्हणाल तर जूनच्या सुरुवातीला तिथे वाळूच जास्त. तीन नद्या बारीक होऊन एकमेकींत शिरतात, पाणी गुडघ्याखाली. पंधरा दिवसांनी इथेच नदी ओलांडायला डोंगा लागतो आणि पुढची गावं तुटतात. मी चपला हातात घेऊन पाणी ओलांडलं. गोटे शेवाळलेले, एकदा घसरलेच, पण घड्याळाचा हात वर धरून पडले. लुगडं कमरेपर्यंत भिजलं. तसंच ओलं लुगडं घेऊन तासभर चालले.

कन्नाभाऊ अंगणातल्या मांडवाखाली बसला होता. घरात दुसरं कोणी नव्हतं, मुलगा आणि सून मोहाच्या टोळ्या वेचायला गेले होते. टोळ्या म्हणजे मोहाची फळं, त्यांच्या बियांचं तेल निघतं. मी कुंपणाशी असतानाच तो म्हणाला, जोहार बाई, पाय ओढून राह्यल्या, गुडघे दुखते का? चालीवरून ओळखलं. मी जोहार केला आणि लगेच थेंबांचं विचारणार होते, पण तिथली रीत वेगळी. आमच्याकडे माणूस दारात आलं की काय काम काढलंत, हे चहाच्या आधी विचारतात. माडियांच्या घरी आधी पाणी. पाणी पिऊन होईपर्यंत कामाचं बोलायचं नाही, दोघांनीही नाही. त्यानं चाचपडत तांब्या दिला. मग पानाच्या द्रोणात जावा दिली, पेजच ती, आंबट, पातळ, थंड. उन्हातून आल्यावर तिच्यासारखं दुसरं काही नाही. मी दोन द्रोण प्याले, आणि खरंच बरं वाटलं.

मग घड्याळ त्याच्या हाताला बांधलं. त्यानं दुसऱ्या हाताची बोटं त्यावरून फिरवली. मी उठून शिंक्यातली शिशी काढली, किती उरली ते पाहायला. शिशी भरलेली होती. टोपणाचं सीलसुद्धा तसंच होतं.

“ही नवीन आणली का, कन्नाभाऊ?”

“नाई. तीच. तुम्ही घड्याळासंगं धाडली ते.”

“मग फोडली काऊन नाई?”

“घड्याळ वाजलंच नाई ना, बाई.”

मला आधी समजलंच नाही. मग समजलं आणि मी शिंक्याखालीच बसले. तो सावकाश, समजावून सांगत होता. तुम्हीच बोलल्या होत्या, वाजल्याबिगर एक थेंब टाकायचा नाई. पहिल्यांदा त्यानं ऐकलं नव्हतं तर चक्कर येऊन पडला होता, म्हणून या वेळी ऐकलं. त्याला वाटलं, बाईनं घड्याळ मुद्दाम गप्प केलं असेल. टीबीच्या गोळ्या नाही का, नर्स म्हणते पुरे, तेव्हा पुरे होतात. तसं असेल. तरी शंका आली म्हणून निरोप धाडला. आणि उत्तराची वाट पाहत बसला.

उभ्या नोकरीत मी हजारो माणसांना सूचना दिल्या. लोक ऐकत नाहीत म्हणून डोकं फोडून घेतलं. माझा शब्द जसाच्या तसा पाळणारा एकच माणूस भेटला, तो हा. मूलच्या घड्याळवाल्याला मी जे जे बोलले होते ते सगळं आता माझ्याकडे परत आलं. स्प्रिंग त्यानं हरवली हे खरं. पण न ऐकता धाडलं मी, आणि निरोप आल्यावर आठ दिवस लग्नात जेवले तेही मीच.

मी त्याच्यासमोर बसले आणि हात बाजूला धरून बोटं हलवली. पूर्वी माझा हात खांद्याच्या बाहेर गेला तरी त्याला दिसायचा. आता दिसत नव्हता. हळूहळू आत आणत गेले. हनुवटीच्या जवळ आल्यावर तो म्हणाला, हं, आता.

“माझी चूक झाली, कन्नाभाऊ,” मी म्हटलं. “घड्याळ मी गप्प केलं नव्हतं. ते बिघडलं होतं. थेंब टाकायलेच पायजे होते.”

त्यानं घड्याळावरून पुन्हा बोटं फिरवली. कुंपणापलीकडे कोंबड्या उकरत होत्या.

“गेलेलं येईल का?”

“नाई.”

“राह्यलं ते?”

“राहील. टाकत राह्यलो तर राहील.”

त्यानं मान हलवली. मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मी शिशीचं सील तोडलं, टोपण काढलं, तर त्यानं माझं मनगट धरलं.

“किती वाजले?”

“दोनले दहा मिनिटं कमी.”

“मग वाजू द्या.”

मी खूप सांगितलं. यापुढे वाजलं नाही तरी टाकायचा, कोंबडे आरवले की एक, मांडवाची सावली पायाखाली आली की एक, निजताना एक. तो हो म्हणाला, माझ्या मागून पाठ म्हणूनही दाखवलं. उद्याच्या गाडीनं दोघांनी जिल्ह्याच्या दवाखान्यात जाऊन डोळा तपासायचा, हेही मी ठरवून टाकलं, त्याला विचारलंच नाही. तेही त्यानं मान्य केलं. पण मनगट सोडलं नाही. आजचा थेंब वाजल्यावरच.

मग आम्ही बसलो. माझं लुगडं अंगावरच वाळत आलं होतं. मी त्याच्या हातावरचे आकडे पाहत होते. छप्पन्न. सत्तावन्न. वाटेत घसरले तेव्हा हात वर होता ना, की पाण्यात गेला होता? त्यानंतर मी दाताला लावून पाह्यलंच नव्हतं. आता त्याच्या हातून मागून घ्यायची हिंमत होईना. एकोणसाठ. मग पडद्यावर दोन वाजले, नकाशावर कराचीचा ठिपका लुकलुकला. मला काही ऐकू आलं नाही. कोंबड्याही नाही, वाराही नाही. मी कानात प्राण आणून ऐकत होते आणि काहीच नव्हतं.

कन्नाभाऊनं माझं मनगट सोडलं. मान मागे टाकली, तोंड वर केलं आणि दोन बोटांनी उजव्या डोळ्याची खालची पापणी ओढून धरली.

“टाका ना बाई,” तो म्हणाला. “वाजून राह्यलं.”

मी थेंब टाकला.